खर्चीत दडलेला पगार

जुन्नर तालुक्यात एखाद्या ट्रकचालकाला महिन्याला किती मिळतात असं विचारलं, तर उत्तर एका आकड्यात येत नाही. ‘पगार एवढा, वर भत्ता’ असं ते दोन तुकड्यांत येतं, आणि बहुतेकदा दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो. ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान, कल्याण–नगर रस्त्यावर वसलेलं पिंपरी पेंढार अशा उत्तरांचं गाव आहे. या पट्ट्यातला कांदा, टोमॅटो, मेथी-कोथिंबीर संध्याकाळी पिकअप, ४०७ आणि आयशरमध्ये भरली जाते, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे उजाडायच्या आत वाशीच्या बाजारात पोचते. आळेफाट्याला पुणे–नाशिक रस्ता आडवा जातो, तिथून दहाचाकी गाड्या कांदा घेऊन परराज्यांत निघतात. या सगळ्या गाड्यांच्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाचं घर भत्त्यावर चालतं. तो भत्ता त्याच्या कराचं आणि हातात पडणाऱ्या पैशाचं नेमकं काय करतो, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. कारण हातात रोख पडलेला पैसा सगळ्यांनाच खरा वाटतो.

अमेरिकेत हा प्रश्न उलट बाजूने विचारला जातो. तिथल्या लांब पल्ल्याच्या चालकाला घराबाहेरच्या प्रत्येक दिवसासाठी जेवणखर्चापोटी जी रक्कम मिळते तिला ‘पर डीएम’ म्हणतात, आणि ती सरकारने ठरवलेल्या दराच्या आत असेल तर तिच्यावर कर नाही. वाहतूक क्षेत्रासाठी हा दर ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत प्रवासाला दिवसाला ८० डॉलर आहे. कंपन्या चालकाचं एकूण वेतन तेवढंच ठेवून त्यातला काही भाग पर डीएम म्हणून दाखवतात. तेवढ्यावर चालकाला आयकर लागत नाही, सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांच्या आरोग्य विम्यापोटी पगारातून कापले जाणारे ७.६५ टक्केही वाचतात. पण कागदावरचा पगार त्या प्रमाणात उतरतो, म्हणून पुढे निवृत्तिवेतन कमी, जखमी झाल्यास भरपाई कमी, घरकर्जाला पात्रता कमी. आज चार पैसे जास्त घ्यायचे की उद्याची तरतूद जपायची, असा तो सौदा आहे. चालक वजाबाकी मांडू शकतो, कारण दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. नोकरीतल्या चालकाला स्वतःच्या पदरमोडीची वजावट २०१७ च्या करसुधारणेनंतर मिळेनाशी झाली, त्यामुळे कंपनीकडून येणाऱ्या पर डीएमला तिथे आणखीनच भाव आला.

आता हेच गणित आपल्याकडे मांडून पाहू. उदाहरणादाखल एक चालक घ्या: पगार ९,००० रुपये, भत्ता रोजचा ५०० आणि महिन्यात २६ दिवस गाडी चालली, म्हणजे भत्त्याचे १३,०००. महिन्याचे २२,०००, वर्षाचे २ लाख ६४ हजार. भत्त्याला कसलीही सवलत नाही, सगळी रक्कम पगारच आहे असं धरलं, तरी २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि करसूट मिळून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नाही. जुनी प्रणाली घेतली तर ५० हजारांची वजावट जाऊन उरतात २ लाख १४ हजार, आणि तिथे अडीच लाखांपर्यंत कर शून्य. आकडे दुप्पट केले, तरी जुन्या प्रणालीतही पाच लाखांच्या आतली सूट त्याला तारून नेते. म्हणजे भत्ता म्हणून दिला काय आणि पगार म्हणून दिला काय, आयकर शून्यच. अमेरिकी सौद्यातलं एक पारडं आपल्याकडे रिकामं आहे. करातली बचत नाही. पगार कमी दिसण्याचे तोटे मात्र जसेच्या तसे आहेत. या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच, आणि पुढचा सगळा हिशेब त्या दुसऱ्या पारड्याचा आहे.

आयकराच्या कायद्याने वाहतूक कामगाराचा विचार केलाच नव्हता असं नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये आणि त्याखालच्या नियमात खास तरतूद होती: वाहतूक व्यवस्थेत काम करणाऱ्या, दैनिक भत्ता न घेणाऱ्या कर्मचाऱ्याला गाडी चालू असतानाच्या वैयक्तिक खर्चासाठी जो भत्ता मिळतो, त्याचा ७० टक्के भाग, पण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, करमुक्त. वाचताना वाटतं, ही ट्रकचालकासाठीच लिहिली असावी. प्रत्यक्षात तिचा उपयोग झाला तो रेल्वेच्या इंजिनचालकांना आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांना, कारण कर लागण्याइतका पगार आणि तो दाखवणारं पगारपत्रक त्यांच्याकडेच होतं. नव्या प्रणालीत ही सवलत मिळत नाही आणि २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. दौऱ्यावरच्या प्रत्यक्ष खर्चापुरता दैनिक भत्ता मात्र नव्या प्रणालीतही करमुक्त राहिला. ट्रकच्या केबिनमध्ये या बदलाची कुणाला खबरही लागली नसेल. उलट एक गंमत आहे. महाराष्ट्राचा व्यवसाय कर नियमित मिळणाऱ्या सगळ्या मोबदल्यावर पाहिला जातो; महिन्याला दहा हजारांवर गेलेल्या पुरुष कर्मचाऱ्याकडून वर्षाला २,५०० रुपये घेतले जातात. आयकर ज्याला चुकूनही लागत नाही, असा चालक रीतसर पगारपत्रकावर आला की हा कर तेवढा भरतो.

मग कर वाचत नसताना भत्ता एवढा फुगतो का? याचं उत्तर चालकाच्या नव्हे, मालकाच्या वहीत आहे. खरं तर वही नसण्यात आहे. दहापर्यंत मालगाड्या असलेल्या मालकासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ४४एई होतं. त्यात हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये आणि १२ टनांवरच्या अवजड गाडीसाठी एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे १,००० रुपये एवढं उत्पन्न गृहीत धरतात. तेवढं दाखवलं की डिझेल, टायर, पगार, भत्ता सगळं त्यात आलं असं मानलं जातं आणि हिशेबाच्या वह्या ठेवायची गरज उरत नाही. असा मालक आपला पॅन क्रमांक देऊन टाकतो, तेव्हा भाड्यातून मुळातून करकपातही होत नाही. लहान मालकाला ही मोठी सोय आहे आणि ती असावीच. पण तिचा एक परिणाम असा की चालकाला काय दिलं याची नोंद करण्याचं मालकाला कराच्या अंगाने काहीच कारण राहत नाही. चालकाला पावती हवी असते, मालकाला ती नको असते असंही नाही. कागदाची आठवण दोघांनाही होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण या व्यवसायाची ही सवय काही कलमाच्या क्रमांकावर अवलंबून नव्हती.

भत्ता हातात येतो त्या रीतीकडेही जरा जवळून पाहायला हवं. गाडी निघताना मालक चालकाला खर्ची देतो, म्हणजे एकरकमी रोख. त्यात वारई, हमाली, पंक्चर, पार्किंग, रस्त्यातल्या सांगता न येणाऱ्या ‘एन्ट्र्या’ आणि चालक-क्लीनरचा भत्ता असं सगळं असतं. टोल आता फास्टॅगमधून मालकाच्या खात्यावरच पडतो, डिझेल ठरलेल्या पंपावर उधारीत भरलं जातं, पण बाकीचं खर्चीतूनच. काही ठिकाणी परत आल्यावर चिठ्ठ्यांसह हिशेब द्यायचा असतो. काही ठिकाणी ठोक खर्ची असते, वाचेल ते चालकाचं आणि कमी पडेल तेही चालकाचंच. लांबच्या फेऱ्यांत डिझेलचं ॲव्हरेज ठरवून देतात, त्यापेक्षा चांगलं काढलं तर वाचलेल्या डिझेलचा वाटा मिळतो. अशा व्यवस्थेत खर्च कुठे संपतो आणि कमाई कुठे सुरू होते हे चालकालाही नीट सांगता येत नाही. ५०० रुपयांतले ३०० दोन जेवणं, चहा, अंघोळ, मोबाइल यांत गेले असं धरलं तर रोजचे २०० घरी येतात, महिन्याचे ५,२००. पगार धरून घराला मिळाले १४,२००. कागदावर ९,०००, बोलण्यात २२,००० आणि घरात १४,२०० असे एकाच माणसाच्या उत्पन्नाचे तीन आकडे झाले.

या तिसऱ्या आकड्यातला मोठा भाग बचतीतून आलेला आहे, आणि ही बचत पोटाला चिमटा काढून होते. एक वेळचं जेवण वडापाववर भागवलं, लॉजऐवजी केबिनमध्ये झोपलं, तर घरी शंभर रुपये जास्त. (जुन्नर तालुक्यात आडरानात गाडी लावून झोपायचं तर बिबट्याचाही विचार करावा लागतो, ही वेगळीच गोष्ट.) भत्ता दिवसावर असेल तर निदान अडकलेल्या दिवसाचे पैसे मिळतात, फेरीवर असेल तर पावसाळ्यात माळशेजला दरड आली, वाशीला गाडी खाली व्हायला दुसरा दिवस उजाडला, तर खर्च वाढतो आणि भत्ता तेवढाच राहतो. साहजिकच चालक घाई करतो. आणि गाडी उभी राहिली की भत्ता बंद. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत. कांद्यावर चालणाऱ्या भागात अशा निर्णयाची झळ शेतकऱ्याबरोबर गाडीलाही लागते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या नव्या शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. स्वतःच्या हक्कासाठी ज्यांनी चाक थांबवलं, त्यांचा त्या दिवसांचा भत्ताही थांबला. पगार मोठा आणि भत्ता लहान असता, तर थांबण्याची एवढी किंमत पडली नसती.

खरा तोटा दिसतो तो अपघातानंतर. कामावर असताना चालकाचा मृत्यू झाला तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं सूत्र असं होतं: महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. चाळिसाव्या वर्षी हा गुणक १८४.१७ आहे. हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये झाली. आता त्याच कायद्यातली वेतनाची व्याख्या पाहा: प्रवासभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे कराव्या लागणाऱ्या खास खर्चासाठी दिलेली रक्कम वेतनात धरायची नाही. विमा कंपनीचा वकील नेमकं इथेच बोट ठेवतो. आपल्या उदाहरणातल्या चालकाचं वेतन ९,००० धरलं तर वारसांना ८ लाख २८ हजार ७६५ रुपये मिळतात. भत्ता वेतनात धरला तर मर्यादेपर्यंतच्या १५,००० वर १३ लाख ८१ हजार २७५. फरक साडेपाच लाखांहून जास्त. भत्ता हा खर्च की वेतन, हा वाद न्यायालयांपुढे वारंवार आला आहे, आणि निकाल पुराव्यावर फिरतो: मालकाने साक्षीत काय सांगितलं, कुठे काही लिहिलेलं होतं का. ज्या घरात कागद नाही तिथे तो पुरावा आणायचा कुणी? दुसऱ्या गाडीच्या चुकीने अपघात झाला आणि घरच्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा लावला, तर तिथे आणखी एक पेच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार मृताच्या उत्पन्नातून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी साधारण तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा करतात. भत्ता ‘स्वतःवरच खर्च होत होता’ म्हणून आधीच बाहेर काढला, तर उरलेल्या पगारातून तोच खर्च पुन्हा एकदा वजा होतो.

यावर मालकांचं पहिलं म्हणणं असतं की वेतन वाढवून लिहिलं तर आमच्यावर बोजा पडेल. हे अर्धंच खरं आहे. चालकाच्या भरपाईची कायदेशीर जबाबदारी गाडीच्या सक्तीच्या विम्यात येते. गाडीचा विमा आणि परवाने ठीक असतील तर ती रक्कम विमा कंपनी भरते. नऊ हजारांऐवजी पंधरा हजार लिहिल्याने मालकाच्या खिशातून त्या कारणासाठी काही जात नाही. भविष्यनिर्वाह निधीचं म्हणाल, तर वीस माणसं कामाला असलेल्या आस्थापनेलाच तो कायदा सक्तीचा आहे; दोन-चार गाड्यांच्या मालकाला तो लागतच नाही. जिथे लागतो, तिथे १५,००० च्या मर्यादेवर मालकाचा वाटा १२ टक्क्यांनी १,८०० रुपये होतो आणि ९,००० वर १,०८०. महिन्याला ७२० रुपयांचा हा फरक खरा आहे. पण तेवढेच ७२० चालकाच्या पगारातूनही कापले जातात, आणि मला वाटतं, अडचण तिथे जास्त आहे.

कारण दुसरा आक्षेप चालकांचाच आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. पगार महिनाअखेरीस मिळतो, कधी पुढच्या पंधरवड्यावर जातो, त्यातून आधीची उचल कापली जाते. भत्ता मात्र गाडी निघताना हातात पडतो. ज्याने गेल्या दिवाळीला मालकाकडून उचल घेतली आहे, त्याच्या लेखी पगार हा फिटत राहणारा कर्जाचा हप्ता आणि भत्ता हीच खरी कमाई. अशा माणसाला भविष्यनिर्वाह निधीचे फायदे सांगणाऱ्याने आधी त्याच्या उचलीचा विचार करावा. तरीही या आक्षेपातून निघतं ते एवढंच की पैसे वेळेवर आणि रोज मिळावेत. त्यांना भत्ताच म्हणावं असं त्यातून निघत नाही. पगाराचा काही भाग दर फेरीला द्यायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही. बँक खात्यात टाकला तर आणखी बरं. आज ना उद्या स्वतःची पिकअप घ्यावी असं वाटणारा चालक कर्जासाठी जातो तेव्हा समोरचा अधिकारी खात्याचा उतारा आणि विवरणपत्र मागतो. उताऱ्यात नऊ हजारांच्या नोंदी असतील, त्याही काही महिन्यांच्याच, तर रोख भत्त्यावर वीस वर्षं चालवलेलं घर त्या टेबलावर दिसत नाही. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरता येतं, आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून बँकेत आणि न्यायाधिकरणात ते चालतं.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: जेवणाचा खर्च हा खर्चच, त्याला वेतन का म्हणायचं? हे मान्य. ढाब्याचं बिल जोडून घेतलेले पैसे मोबदला नव्हेत, आणि त्यावर निधी कापणं चुकीचंच होईल. पण मग भत्ता खर्चाच्या मापाचा हवा, पगाराच्या दीडपट नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी इथे एक रेघ ओढली आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येतही प्रवासभत्ता आणि कामाच्या खास खर्चापोटीची रक्कम वगळली आहे, मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनच समजायचा. आपल्या उदाहरणात २२,००० चे निम्मे ११,०००, भत्ता १३,०००, म्हणून वरचे २,००० पगारात जातात आणि वेतन होतं ११,०००. तोच गुणक धरला तर भरपाई १० लाख १२ हजार ९३५ येते, म्हणजे काही न करता पावणेदोन लाखांहून जास्त वाढ. ही रेघ पुरेशी नाही, कारण बरोबर निम्मा भत्ता दाखवून मालक तिथेच थांबू शकतो. शिवाय भत्ता दिला होता हेच सिद्ध करता आलं नाही तर निम्म्याचा नियम लावायचा कशाला, हा प्रश्न उरतोच.

स्वतःच गाडीचा मालक आणि स्वतःच चालक असलेल्यांची गोष्ट निराळी. साधारण २८ टन एकूण वजनाची दहाचाकी असेल तर वर सांगितलेल्या, टनामागे उत्पन्न गृहीत धरायच्या पद्धतीने वर्षाचं उत्पन्न ३ लाख ३६ हजार धरलं जातं आणि त्यावर कर लागत नाही. त्याने स्वतःला भत्ता किती दिला हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतला असा मालक-चालक घराबाहेरच्या दिवसांची नोंदवही ठेवतो, कारण दिवसाच्या ८० डॉलरपैकी ८० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, त्याला उत्पन्नातून वजा करता येतात. कर वाचवण्यासाठी ठेवलेली ती वही त्याला पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

आपल्या चालकाला तशी वही ठेवायला कराचं निमित्त नाही, तेव्हा निमित्त दुसरीकडून आणावं लागेल. नव्या संहितांनी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकावर प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं आहे; लहान मालकानेही ते द्यायला हरकत नाही. पिंपरी पेंढारच्या एका आयशरच्या चालकासाठी ते पत्र अर्ध्या पानाचंही पुरेल: महिन्याचा पगार किती, भत्ता दिवसावर की फेरीवर, त्यातला जेवणाखाण्याचा किती आणि कामाचा किती, गाडी मालकाच्या किंवा बाजाराच्या कारणाने उभी राहिली तर काय मिळणार, उचल महिन्याला जास्तीत जास्त किती कापणार. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि एक प्रत गाडीत न ठेवता चालकाच्या घरी.